पट्ट्यामागचा डॉक्टर

माणसाचे शरीर किती जोराचा हिसका सहन करू शकते, याचे उत्तर दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकी लष्कराकडे तयार होते. अठरा ‘जी’. त्याच्या पुढे माणूस जगत नाही. एक ‘जी’ म्हणजे आपले रोजचे वजन. विमान जमिनीवर आदळून एकदम थांबते, तेव्हा वैमानिकाचे अंग स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट जोराने पुढे ओढले जाते. सत्तर किलोच्या माणसासाठी अठरा ‘जी’ला ही ओढ साडेबाराशे किलोंच्या वर जाते. वैमानिकाची खुर्ची, तिचे नटबोल्ट, त्याचे पट्टे हे सारे याच आकड्यासाठी बनवले जात. माणूस त्यापुढे मरणारच असेल तर खुर्ची आणखी मजबूत करून उपयोग काय, असा हिशेब होता.

हिशेब दिसायला चोख होता. पण प्रत्यक्ष अपघात त्याच्याशी जुळत नव्हते. भयंकर आदळलेल्या विमानातून एखादा वैमानिक चालत बाहेर यायचा आणि त्याहून सौम्य अपघातात दुसऱ्याची खुर्ची उखडून तो जायचा. मरण येत होते ते शरीर दुबळे म्हणून, की शरीराला धरून ठेवणारी व्यवस्था दुबळी म्हणून? हा प्रश्न ज्याने धसास लावला, तो अभियंता नव्हता आणि वैमानिकही नव्हता. तो डॉक्टर होता. आज गाडीत बसल्यावर खांद्यावरून जो पट्टा आपण ओढतो, त्याच्या इतिहासात जॉन पॉल स्टॅप यांच्या मोडलेल्या बरगड्या आणि मनगटे आहेत.

स्टॅप यांचा जन्म ११ जुलै १९१० रोजी ब्राझीलमधल्या बाहियात झाला. आईवडील अमेरिकेहून तिथे गेलेले बाप्टिस्ट मिशनरी. सुरुवातीचे शिक्षण घरीच झाले आणि पुढचे टेक्सासमध्ये. मुलाचा ओढा साहित्याकडे होता. १९२८च्या नाताळच्या सुट्टीत तो नातेवाइकांकडे गेला असताना घरातले एक तान्हे मूल शेकोटीत भाजले. सगळ्यांनी त्याची शुश्रूषा केली. ते काही दिवसांत गेले. त्यानंतर स्टॅप यांनी डॉक्टर व्हायचे ठरवले.

ठरवले तरी पैसे नव्हते. मंदीचे दिवस होते. त्यांनी बेलर विद्यापीठातून प्राणिशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली, शिकवण्याची नोकरी केली, टेक्सास विद्यापीठातून १९४० मध्ये जीवभौतिकीत डॉक्टरेट मिळवली आणि मग १९४४ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातून वैद्यकीय पदवी पदरात पाडून घेतली. तेव्हा वय चौतीस. हा लांबचा फेरा पुढे फार कामाला आला. हाडे आणि रक्तवाहिन्या कळणारे डॉक्टर पुष्कळ असतात आणि बल, वेग, त्वरण कळणारे अभियंतेही पुष्कळ. दोन्ही भाषा येणारी माणसे त्या काळी विरळाच होती.

लष्कराच्या वैद्यकीय सेवेत दाखल झाल्यावर १९४६ मध्ये त्यांची नेमणूक राइट फील्ड इथल्या वैमानिकी वैद्यक प्रयोगशाळेत झाली. पहिले काम ऑक्सिजनचे होते. हवेचा दाब न राखलेल्या विमानातून चाळीस हजार फुटांवर गेल्यावर वैमानिकाच्या रक्तात विरघळलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडे आणि सांधे असह्य दुखत. स्टॅप स्वतः त्या उंचीवर जाऊन बसले. उड्डाणाआधी अर्धा तास शुद्ध ऑक्सिजन घेतला की हा त्रास टळतो, हे त्यांनी दाखवून दिले. प्रयोगासाठी आधी स्वतःचे शरीर पुढे करायचे, ही त्यांची रीत इथेच पक्की झाली.

१९४७ मध्ये ते कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या म्युरॉक तळावर आले. आज त्याला एडवर्ड्स तळ म्हणतात. तिथे दोन हजार फूट लांबीचा रूळ होता. त्यावरून रॉकेटच्या जोराने एक सांगाड्यासारखी गाडी सुटायची आणि टोकाला शक्तिशाली ब्रेक तिला काही फुटांत थांबवायचे. सुरुवातीच्या चाचण्यांत तिच्यावर ऑस्कर नावाचा पुतळा बसवला जाई. एका चाचणीत ऑस्करला मुद्दाम हलकासा पट्टा बांधला होता. ब्रेक लागले, गाडी थांबली, ऑस्कर थांबला नाही. समोरची लाकडी फळी फोडून तो सातशे फुटांहून दूर जाऊन पडला. पट्टा नसलेल्या किंवा तकलादू पट्ट्याच्या प्रवाशाचे काय होते, याचे इतके स्पष्ट चित्र त्याआधी क्वचितच कुणी पाहिले असेल.

पुतळ्याच्या तीसहून अधिक फेऱ्या झाल्यावर, १० डिसेंबर १९४७ रोजी, स्टॅप स्वतः गाडीवर बसले. त्या दिवशी एकच रॉकेट जोडले होते आणि तोंड मागच्या दिशेला होते. काही विशेष झाले नाही. मग रॉकेटे वाढत गेली, ब्रेक कडक होत गेले, तोंड पुढे वळले. काही महिन्यांतच ते अठरा ‘जी’ ओलांडून पस्तीसच्या आसपास पोहोचले आणि जिवंत राहिले. फुकट मात्र काही नव्हते. बरगड्यांना तडे गेले, मनगट दोनदा मोडले, दातांत भरलेले सिमेंट निखळले, दृष्टिपटलात रक्तस्राव झाला. वरिष्ठांना हे कळल्यावर त्यांनी माणसांऐवजी चिंपांझी वापरण्याचा हुकूम दिला. चिंपांझींवर प्रयोग झालेही, पण स्टॅप पुन्हा पुन्हा गाडीवर चढत राहिले. आजच्या कुठल्याही नैतिकता समितीने या प्रयोगांना परवानगी दिली नसती. त्या मुक्या जनावरांच्या बाबतीत तर नाहीच; स्टॅप यांना नको म्हणण्याची सोय होती, त्यांना नव्हती.

याच तळावर १९४९ मध्ये एक गंमत घडली. एडवर्ड मर्फी नावाच्या अभियंता कॅप्टनने ‘जी’ मोजणारी संवेदके आणली होती. ती उलटी जोडली गेली आणि एक अख्खी फेरी मोजमापाविना वाया गेली. जे चुकू शकते ते चुकणारच, हा जगभर माहीत असलेला ‘मर्फीचा नियम’ याच प्रसंगातून निघाला आणि तो वार्ताहरांपर्यंत पोहोचवला स्टॅप यांनी. त्यांच्या लेखी तो विनोद नव्हता. काय काय चुकू शकते याची आधी यादी करायची आणि मगच गाडीवर बसायचे, ही त्यांच्या चमूची शिस्त होती. दिवसभराचे हे काम संपले की संध्याकाळी ते तळावरच्या कर्मचाऱ्यांच्या बायकामुलांना तपासत. वाळवंटात त्यांच्यासाठी दुसरी सोय नव्हती आणि स्टॅप फी घेत नसत.

१९५३ मध्ये त्यांची बदली न्यू मेक्सिकोतल्या हॉलोमन तळावर झाली. आता प्रश्न थोडा वेगळा होता. आवाजाच्या वेगाच्या जवळ उडणाऱ्या विमानातून वैमानिक बाहेर फेकला गेला, तर आधी वाऱ्याचा तडाखा आणि मग एकदम मंदावणे हे दोन्ही तो सोसेल का? त्यासाठी साडेतीन हजार फुटांचा रूळ आणि नवी गाडी बनवली. तिला थांबवायला रुळांच्या मधोमध पाणी भरलेले असे. गाडीखालची पन्हळ त्या पाण्यात शिरली की पाण्याच्या अडथळ्याने गाडी थबके.

१० डिसेंबर १९५४. पहिल्या फेरीला बरोबर सात वर्षे झाली होती. चव्वेचाळीस वर्षांचे स्टॅप गाडीवर बसले. मागे नऊ रॉकेटे. पाच सेकंदांत वेग ताशी १०१७ किलोमीटरवर गेला आणि दीड सेकंदाच्या आत शून्यावर आला. सर्वाधिक हिसका ४६.२ ‘जी’ इतका नोंदला गेला. काही क्षण त्यांच्या शरीराची ओढ तीन टनांहून अधिक झाली होती. सोडवायला माणसे धावली तेव्हा त्यांना काहीच दिसत नव्हते. गाडी थांबली तरी डोळे पुढे जात राहिले होते आणि त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या फुटल्या होत्या. अशी वेळ येऊ शकते हे त्यांना ठाऊक होते. दृष्टी गेलीच तर सवय असावी म्हणून अंधारात कपडे चढवण्याचा सराव त्यांनी आधी करून ठेवला होता. सुदैवाने काही वेळाने दिसू लागले. दोन्ही डोळ्यांभोवती काळीनिळी वर्तुळे तेवढी उरली. पृथ्वीवरचा सर्वांत वेगवान माणूस म्हणून वृत्तपत्रांनी त्यांना डोक्यावर घेतले, ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ते झळकले. या कौतुकाचा त्यांनी पुढे जो उपयोग करून घेतला, तो त्या विक्रमापेक्षा मोठा म्हणावा लागेल.

एकोणतीस फेऱ्यांतून जे हाती आले, ते थोडक्यात असे. शरीर किती ‘जी’ सोसेल याला एकच उत्तर नाही. हिसका किती वेळ टिकतो, किती झपाट्याने वाढतो, कुठल्या दिशेने येतो आणि शरीराच्या कुठल्या भागावर वाटला जातो, यावर सारे ठरते. तोंड मागे असेल तर ओढ पूर्ण पाठीवर आणि डोक्यामागे पसरते. म्हणून ती स्थिती सर्वांत सुरक्षित. प्रवासी विमानांतल्या खुर्च्याही मागे तोंड करून बसवाव्यात, असा स्टॅप यांचा आग्रह होता. तो प्रवाशांना रुचला नाही. पण तान्ह्या बाळाची गाडीतली खुर्ची मागे तोंड करून लावायला सांगतात, त्यामागे हेच कारण आहे. बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान कोवळी असते. तोंड पुढे असेल तर शरीराला धरणारा पट्टा रुंद हवा, घट्ट हवा आणि तो हाडांवर बसायला हवा: खाली कटीच्या हाडांवर, वर छाती आणि हासळीवर. मऊ पोटावर आलेला पट्टा यकृत आणि आतडी चिरडू शकतो. गर्भवतीने खालचा पट्टा पोटाच्या उंचवट्याखाली मांड्यांलगत घ्यावा, असे डॉक्टर सांगतात ते यामुळेच.

हॉलोमनमध्ये असताना स्टॅप यांच्या नजरेला एक गोष्ट आली. हवाई दलाची विमान अपघातांत जितकी माणसे जात होती, जवळपास तितकीच रस्त्यावर मोटारींच्या अपघातांत जात होती. लाखो डॉलर खर्चून प्रशिक्षित केलेला वैमानिक आकाशात सुखरूप राहायचा आणि सुट्टीवर घरी जाताना मोटारीत मरायचा. मोटारींना तेव्हा पट्टे नसत. स्टीअरिंगचा दांडा भाल्यासारखा छातीवर रोखलेला, समोरचा डॅशबोर्ड कडक पत्र्याचा, दारे धक्क्यासरशी उघडणारी.

स्टॅप यांनी भंगारात निघालेल्या मोटारी मिळवल्या, त्यांत पुतळे बसवले आणि त्या आपटून पाहायला सुरुवात केली. हवाई दलाच्या पैशाने मोटारी कशाला फोडता, अशी विचारणा वरून झाली. स्टॅप यांनी मृतांचे आकडे समोर ठेवले आणि काम चालू राहिले. मे १९५५ मध्ये त्यांनी लष्करी अधिकारी, विद्यापीठांतले संशोधक आणि मोटारनिर्मात्यांचे अभियंते अशा सव्वीस जणांना हॉलोमनला बोलावून हे प्रयोग दाखवले. एकमेकांशी न बोलणारे डॉक्टर आणि अभियंते तिथे एका टेबलाशी आले. ती परिषद पुढे दरवर्षी भरू लागली आणि स्टॅप यांच्या नावानेच ओळखली जाऊ लागली.

मोटारीच्या टकरीत नेमके काय होते? ताशी पन्नास किलोमीटरने जाणारी गाडी भिंतीवर आदळली असे समजू. हा वेग आपल्याला किरकोळ वाटतो. पण एवढ्याच वेगाने माणूस जमिनीवर आपटतो, तो साधारण तिसऱ्या मजल्यावरून पडल्यावर. गाडीचा पुढचा भाग चेपत जातो आणि गाडी समजा साठ सेंटिमीटरमध्ये थांबते. पट्टा बांधलेला माणूस गाडीबरोबरच थांबतो, म्हणजे त्यालाही जवळपास तेवढेच अंतर मिळते. हिशेब केला तर हा हिसका सरासरी सोळा-सतरा ‘जी’चा येतो. स्टॅप यांनी सोसलेल्या कमाल हिसक्याच्या निम्म्याहूनही कमी. पट्टा नसलेला माणूस मात्र गाडी थांबल्यावरही पन्नासच्याच वेगाने पुढे जात राहतो आणि डॅशबोर्डवर किंवा काचेवर थांबतो. तिथे त्याला थांबायला पाचेक सेंटिमीटर मिळाले, तर हाच हिसका दोनशे ‘जी’च्या घरात जातो. वेग तोच, माणूस तोच. फरक थांबायला मिळालेल्या अंतराचा. हाताने डॅशबोर्ड रेटून धरू किंवा बाळाला मांडीवर घट्ट धरू, ही समजूत किती पोकळ आहे, हे यावरून कळते. सोळा ‘जी’ला आठ किलोचे बाळ सव्वाशे किलोंच्या जोराने हातांतून सुटते.

त्यानंतर एक टक्कर शरीराच्या आत होते. कवटी थांबली तरी मेंदू पुढे जाऊन तिच्यावर आपटतो, छाती थांबली तरी हृदय झोका घेते आणि महाधमनी फाटू शकते. आजच्या गाडीतल्या सुरक्षा-सोयी या सगळ्यासाठी वेळ आणि अंतर कमावण्याची यंत्रे आहेत. पुढचा भाग मुद्दाम चेपणारा केलेला असतो; टकरीनंतर बॉनेटचा चुराडा पाहून हल्लीच्या गाड्या पत्र्याच्या डब्या झाल्या अशी कुरकूर करणारे हे विसरतात. टक्कर जाणवताच पट्टा आधी स्वतःला ताणून घेतो आणि मग ठरावीक जोर आला की थोडा सैल सोडतो, म्हणजे बरगड्या वाचतात. खुर्चीवरचे डोके टेकायचे उशीसारखे साधन आरामासाठी नाही. मागून धडक बसली की मान मागे मोडू नये म्हणून ते आहे, आणि ते मानेपाशी खाली ठेवले तर निरुपयोगी. एअरबॅग पापणी लवण्याआधी फुगते आणि डोक्याला मऊ थांबा देते. पण ती पट्ट्याची जोडीदार आहे, बदली नाही. पट्टा नसेल तर ब्रेक लागल्याबरोबर माणूस पुढे सरकतो आणि प्रचंड वेगाने फुगणाऱ्या पिशवीच्या तोंडाशीच सापडतो.

हे सारे १९५५ च्या सुमारास मोटारधंद्याला नको होते. सुरक्षितता विकली जात नाही, अपघाताची आठवण करून दिली तर गिऱ्हाईक पळते, असा समज होता. १९५६ मध्ये फोर्डने पट्टे देऊ केले ते जादा पैसे घेऊन, ऐच्छिक म्हणून. खरे पाऊल स्वीडनमध्ये पडले. १९५९ मध्ये व्होल्व्होचे अभियंता नील्स बोलिन यांनी कंबर आणि खांदा दोन्ही धरणारा, एका हाताने लावता येणारा तीन बिंदूंचा पट्टा गाडीत आणला. बोलिन आधी विमानांच्या खुर्च्या बनवत, हा योगायोग म्हणता येणार नाही. कंपनीने हे पेटंट सगळ्यांना खुले केले.

अमेरिकेत स्टॅप व्याख्याने देत, समित्यांपुढे साक्षी देत, वार्ताहरांना भेटत राहिले. वेगवान माणसाला भेटायला आलेल्या प्रत्येकाला ते सीटबेल्ट समजावून सांगत. राल्फ नेडर यांच्या पुस्तकाने १९६५ मध्ये जनमत पेटले आणि ९ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी वाहन सुरक्षा कायद्यावर सही केली. त्या समारंभाला स्टॅप हजर होते. १९६८ पासून अमेरिकेत नव्या मोटारींना पट्टे सक्तीचे झाले. ते बांधण्याची सक्ती वेगळी; ती १९७० मध्ये पहिल्यांदा ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने केली. स्टॅप स्वतः त्याच वर्षी कर्नल म्हणून हवाई दलातून निवृत्त झाले. त्याआधी काही काळ ते सरकारच्या महामार्ग सुरक्षा विभागात वैद्यकीय सल्ल्याचे काम करत होते. निवृत्तीनंतर त्यांनी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकवले. १९९१ मध्ये त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले आणि १३ नोव्हेंबर १९९९ रोजी, एकोणनव्वदाव्या वर्षी, न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो इथल्या राहत्या घरी त्यांचे निधन झाले.

आपल्याकडे पट्टा अजून बऱ्याचदा दंडासाठी बांधला जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार हा दंड एक हजार रुपये आहे. त्याच वर्षापासून नव्या गाड्यांत पुढच्या दोन्ही जागांसाठी पट्ट्याची आठवण देणारा आवाज सक्तीचा झाला आणि लगेच तो आवाज बंद करणाऱ्या नुसत्या बकलच्या क्लिपा बाजारात आल्या. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला त्या ऑनलाइन विकणाऱ्या कंपन्यांविरुद्ध आदेश काढावे लागले. मागच्या सीटवर तर पट्टा असतो हेच अनेकांना आठवत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात मुंबई-अहमदाबाद महामार्गावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. पुढचे दोघे गंभीर जखमी होऊन वाचले, मागचे दोघे गेले. मागच्या दोघांनी पट्टे बांधले नव्हते, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आले. मागचा प्रवासी सुटला की तो पुढच्या खुर्चीवर आदळतो आणि कधी पुढच्या माणसालाही बरोबर नेतो.

स्टॅप यांच्या कामाची एक मर्यादाही आहे. त्यांनी मोजले ते निरोगी लष्करी पुरुषाचे शरीर, आणि पुढेही कित्येक दशके टक्कर-चाचणीतला पुतळा सरासरी पुरुषाचाच राहिला. सत्तरीतल्या आजोबांच्या ठिसूळ बरगड्या, बुटक्या बांध्याची बाई स्टीअरिंगच्या किती जवळ बसते, लहान मुलाच्या खांद्यावर पट्टा नेमका कुठे येतो, या गोष्टी त्या मोजमापात नव्हत्या. त्यांच्या नावाने भरणाऱ्या परिषदेत अलीकडे मांडले जाणारे कित्येक शोधनिबंध याच शरीरांविषयी असतात.